कंबरदुखीच्या संशोधनात नाव देण्याआधी काय काय बघायचं?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे धारूर-वडवणी पट्ट्यात जुनाट कंबरदुखीच्या अभ्यासासाठी एका वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं नावं लिहून घ्यायलीत. तीन महिन्यांच्या वर दुखत असलेली, १८ ते ६० वयाची माणसं पाहिजेत म्हणतात. दोन गट आहेत. एकाला औषधाची गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली. कालावधी १२ आठवडे, दवाखान्याच्या पाच फेऱ्या, येण्याजाण्याचं भाडं ते देणार.

लोक मला विचारतात, कारण कागद वाचायला माझ्याकडेच येतात. हे खरं संशोधन आहे का औषध खपवायचा धंदा, हे ओळखायचं कसं? सध्या चालू असलेल्या गोळ्या बंद कराव्या लागतील का? "शून्य ते दहा यातला आकडा सांगा" म्हणतात, तो कसा सांगायचा? आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातं, मग फेऱ्यांचं काय? माहितगारांनी नेमकं सांगावं, "डॉक्टरांना विचारा" एवढंच नको.

संमतीपत्र_आधी_वाचा

पैशापासून सुरुवात करा. संशोधनासाठी लागणारी तपासणी, औषध आणि फेऱ्या यांचा एक रुपयाही सहभागी माणसाने द्यायचा नसतो. नोंदणी फी, मशीनचं भाडं किंवा "कोर्स पूर्ण घ्यावा लागेल" असं काही निघालं तर तो अभ्यास नाही, दुकान आहे.

मग कागद हातात घ्या. माहितीपत्रक मराठीत हवं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक व तारीख हवी. नैतिकता समितीने (सहभागी माणसांच्या हिताच्या दृष्टीने अभ्यास तपासून मंजुरी देणारी समिती) मंजूर केलेली आवृत्ती तीच आहे का, हे त्यावरून कळतं. समितीच्या सदस्य-सचिवाचा फोन नंबर त्यावर असलाच पाहिजे. तो लावून बघा, त्यात काही वावगं नाही. औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम लागू आहेत. त्यांनुसार समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक सर्वसामान्य माणूस असतो. कागदातलं कळलं नाही तर त्याचा दोष वाचणाऱ्याकडे जात नाही. तुमच्या-आमच्यासारख्याला कळेल असाच तो लिहिलाय का, हे बघायलाच तो सर्वसामान्य सदस्य बसवलेला असतो.

तिसरी गोष्ट नोंदणी. भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीचं, म्हणजे सीटीआरआयचं, संकेतस्थळ फुकट उघडता येतं. औषधाच्या चाचणीला १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून ती पहिला सहभागी घेण्याआधीच करावी लागते. क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. नोंद उघडली की तीन रकाने बघा: अभ्यास कुठे कुठे चालणार त्या ठिकाणांची यादी, समितीच्या मंजुरीची स्थिती, आणि कोणाला घेणार-कोणाला नाही ते निकष. यादीत तुमच्याकडे आलेल्या संस्थेचं नाव नसेल तर तिथेच थांबून विचारा. पण नुसती मुलाखत किंवा प्रश्नावली असेल तर नोंद सापडली नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका, त्या प्रकाराला औषधचाचणीसारखी सक्ती नाही. समितीची मंजुरी मात्र त्यालाही लागते.

सही लगेच करू नका. कागद घरी न्यायचा हक्क आहे, आणि सही केल्यावर एक प्रत आपल्याकडे ठेवायचाही. अंगठा देणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तो अभ्यासाच्या चमूतला नसावा आणि समजावून सांगण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे हजर असावा. सगळं झाल्यावर बोलावून "इथं सही करा" असा साक्षीदार चालत नाही. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो.

रुमणं

म्हणजे निम्म्या लोकांना खडूची गोळी देणार आणि बारा आठवडे दुखू देणार? ही सरळ फसवणूक झाली.

संमतीपत्र_आधी_वाचा

रुमणं दादा, फसवणूक म्हणजे न सांगता केलेली. इथे "तुम्हाला औषध नसलेली गोळी मिळू शकते" हे कागदावरच असतं आणि समजावतानाही सांगावं लागतं. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, बहुधा संगणकावर, किंवा क्रमांक घातलेल्या बंद पाकिटातून. डॉक्टरलाही माहीत नसतं. त्यामुळे सरपंचांकडून "आमच्या माणसाला चांगल्या गटात घ्या" असा फोन लावून काही होत नाही. झालंच तर अभ्यास नासतो.

"दुखू देणार" हा मुद्दा मात्र रास्त आहे. म्हणून विचारायचं: दुखणं सहन होईना झालं तर वरची, म्हणजे जादाची गोळी कोणती, किती घ्यायची? दुसऱ्या गटातही व्यायाम, सल्ला वगैरे नेहमीचा उपचार चालू राहतो का? याचं उत्तर कागदात नसेल तर समितीला कळवण्यासारखी गोष्ट आहे ती.

अपाय झाला तर काय, तेही आत्ताच सांगतो. अभ्यासात इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत. त्या इजेचा अभ्यासाशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर ती गंभीर घटना धरतात, आणि मुख्य डॉक्टरने ती कळल्यापासून २४ तासांत समितीला, प्रायोजकाला (अभ्यास चालवणारी कंपनी किंवा संस्था) आणि केंद्रीय औषध नियंत्रकाला कळवायची असते. म्हणून बाहेरच्या दवाखान्यात भरती झालात तर त्याच दिवशी अभ्यासाच्या नंबरवर फोन करा, पुढच्या फेरीची वाट बघू नका.

औषधवाला

चालू गोळ्यांबद्दल. बंद कराव्या लागतात की नाही हे अभ्यासाच्या आराखड्यावर आहे, पण का आणि किती दिवस, ते सांगतो. आधीच्या गोळीचा अंमल शरीरातून जावा लागतो. औषध अर्धं व्हायला लागणारा वेळ गुणिले पाच, असा ढोबळ हिशेब. डायक्लोफेनॅक दोन तासांत अर्धं होतं, म्हणून एक दिवस पुरतो. एटोरिकॉक्सिबला साधारण २२ तास लागतात, म्हणजे साडेचार-पाच दिवस. कंबरेत किंवा गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर बरेच अभ्यास काही महिने घेतच नाहीत. ते लपवून आत शिरण्यात कुणाचाच फायदा नाही.

एकदम बंद करायच्या नाहीत अशाही गोळ्या असतात. प्रीगाबॅलिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध) किमान आठवडाभर उतरवत आणून थांबवतात.

आता महत्त्वाचं. "वाताची पुडी", "सांध्याची पावडर" या नावाने बाजारात काहीही लेबल नसलेल्या पुड्या मिळतात आणि त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. दोन दिवसांत गुण येतो तो त्याचाच. महिनोन्महिने अशी पुडी घेतलेल्या माणसाने अभ्यासासाठी ती एका दिवसात सोडली तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवायची ग्रंथी झोपलेली असल्याने रक्तदाब पडणं, उलट्या, गळून जाणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पुडी घेत असाल तर रिकामा कागदसुद्धा सोबत न्या, किती दिवस आणि दिवसाला किती ते सांगा. ओरडतील म्हणून गप्प बसायची ही जागा नाही.

वरची गोळी बहुधा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम देतात. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, अभ्यासात त्याहून कमी ठेवतात. गडबड कुठे होते बघा: मेडिकलवरून घेतलेल्या जोडगोळीत (दोन औषधं एकत्र असलेल्या) ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, सर्दीच्या गोळीतही असतं. तिन्ही मिळून आकडा कधी वर गेला ते कळत नाही. घेतलेली प्रत्येक गोळी वहीत लिहा. रिकाम्या पट्ट्या फेकू नका, फेरीला त्या मोजतात. आणि घरात दुसऱ्याचंही दुखतंय म्हणून अर्ध्या गोळ्या त्याला, असं अजिबात नको.

झोप आणणारं औषध असेल (प्रीगाबॅलिन, अमिट्रिप्टिलिन वगैरे) तर पहिला आठवडा कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि रात्रीची मोटरसायकल दुसऱ्याकडे द्या. औषध नसलेल्या गोळीनेही गुंगी आल्यासारखं वाटतं. त्यामुळे "मला नक्की खरीच मिळाली" असा अंदाज बांधून गावभर सांगत फिरू नका.

नमुनासंख्या

शून्य ते दहाबद्दल मी लिहितो, कारण सगळ्या अभ्यासाचा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे. दुखणं ना रक्तात दिसतं ना एक्सरेत. मोजायचं यंत्र म्हणजे सांगणारा माणूसच.

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं वाईट. आपल्याकडे "बारा आणे कमी झालं", "चार आणे राहिलंय" असं सांगायची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण तो आधीच्या तुलनेतला फरक झाला. इथे विचारतात तो आजचा किंवा गेल्या २४ तासांचा आकडा. सुरुवातीला ८ असलेल्या माणसाचं बारा आणे गेलं तर २ राहतात. पण नोंदणाऱ्याने "बारा आणे" ऐकून ७ किंवा १२ असं काहीतरी लिहिलं तर वाट लागली. म्हणून बोट ठेवून पट्टीवर दाखवा. प्रश्नही नीट ऐका: "सर्वांत जास्त", "सर्वांत कमी", "सरासरी" आणि "आत्ता" हे चार वेगळे प्रश्न असतात. संध्याकाळी खुरपून आल्यावर ८ आणि सकाळी ३ असेल तर दोन्ही खरे आहेत.

दुसरी अडचण अदबीची. डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की "बरंय साहेब" हे तोंडातून आपोआप येतं. घरी गेल्यावर मग कण्हणं. किंवा उलट: नाव कापतील म्हणून मुद्दाम ९ सांगणं. निवडीला बहुधा किमान ४ किंवा ५ लागतात, त्यामुळे फुगवून आत आलेली माणसं नंतर खरं सांगायला लागली की औषधाने गुण आल्यासारखं दिसतं. दोन्ही गटांत तसंच घडतं आणि औषधाचा खरा फरक त्यात बुडून जातो. शिवाय दुखणं चढतं-उतरतं. माणूस नाव देतो ते चढलेलं असताना, मग काही न करताही ते थोडं उतरणारच. दुसरा गट ठेवतात त्याचं हेही एक कारण आहे. रुमणं यांच्या शंकेचं अर्धं उत्तर यात आहे.

वही रोज ठरल्या वेळेला भरा. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी वह्या दिल्या होत्या आणि वही कधी उघडली हे टिपणारा प्रकाशसंवेदक बांधणीत लपवला होता. वह्यांवरून ९० टक्के नोंदी वेळेवर भरलेल्या दिसत होत्या, प्रत्यक्षात ११ टक्के. राहिलेले दिवस आठवून भरू नका, रिकामे सोडा. कोरा रकाना आम्ही आकडेमोड करणारे हाताळू शकतो, एसटीत बसून भरलेला नाही.

एक बारीक गोष्ट: काही ठिकाणी १०० मिलिमीटरची रेघ देतात आणि तिच्यावर खूण करायला सांगतात. झेरॉक्स काढताना ती रेघ लहान-मोठी होते. म्हणून कुणी पट्टी लावून तिची लांबी बघितली तर हसू नका.

कंबरपट्टा_नको

फिजिओथेरपीच्या बाजूने दोनच गोष्टी.

शब्द जपून वापरा, म्हणजे आपलेच वापरा. जळजळ, मुंग्या, करंट लागल्यागत चमक, सुन्नपणा हे नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतात. ठणका, अवघडलेपण, वाकल्यावर भरणारी उसण हे वेगळं. "पाय चावतात" याचं शहरातला मुलाखतकार भलतंच काही लिहून घेईल, तेव्हा कुठे, कधी, कशाने वाढतं ते सोबत सांगा. नुसतं "मणक्यात गॅप आहे" हे लक्षण नाही, कुणीतरी सांगितलेलं निदान आहे. किनवटसारख्या फ्लोराइडच्या पट्ट्यातली माणसं असतील तर बोअरचं पाणी किती वर्षं पितात तेही सांगावं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि कंबर ताठरू शकतात, आणि ते साध्या कंबरदुखीत मोजलं जाऊ नये.

आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, तापासोबत किंवा वजन घटत असताना कंबर दुखणं: यातलं काहीही असेल तर अभ्यास बाजूला ठेवून तातडीने मोठा दवाखाना. पहिल्या तिन्हींपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार, हे छापून चावडीवर लावतो. कारखान्याला जाणाऱ्यांचं मात्र राहिलं.

नमुनासंख्या

तारखा मांडून बघा. फेऱ्या समजा ०, २, ४, ८ आणि १२ आठवड्यांना आहेत. सप्टेंबरअखेर नाव दिलं तर शेवटची फेरी डिसेंबरात येते आणि टोळी तेव्हा सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडात असते. ठरल्या तारखेपासून दोन-चार दिवस इकडे-तिकडे चालतात, दोन महिने नाही. उचल (आगाऊ पैसे) घेतलेला माणूस एका फेरीसाठी परत येणार नाही, टोळीचा मुकादम सोडणार नाही. सहीआधीच हे स्पष्ट सांगा. दोन गोष्टी विचारा: मधल्या आणि शेवटच्या नोंदी फोनवर घेता येतील का, आणि औषध सोबत नेता येईल का? आकड्याची पट्टी फोनवर चालते, रेघेवरची खूण चालत नाही. आराखड्यात फोनची तरतूद नसेल तर समितीकडून बदल मंजूर करून घ्यायला त्यांना वेळ लागतो, म्हणून आत्ताच विचारणं बरं. एकाच कोयत्यातले (ऊसतोडीच्या जोडीतले) नवरा-बायको वेगवेगळ्या गटांत गेले तर गोळ्यांची पाकिटं वेगळ्या पिशव्यांत, नाव घालून.

नाहीच जमलं तर मधे सोडायचा हक्क आहे, कारण द्यायची गरज नाही आणि नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. फक्त गुपचूप गायब होऊ नका. एक फोन, शेवटचा आकडा आणि उरलेल्या गोळ्या परत.

संशोधकांना सुचवता आलं तर पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये सुरू करा म्हणावं. तेव्हा माणसं गावात असतात. मोळ्या वाहणं थांबल्याने दुखणं आपोआप थोडं उतरेल, पण दोन्ही गटांत सारखंच उतरेल.

संमतीपत्र_आधी_वाचा

त्यात एक भर. पेरणीच्या आठवड्यातली फेरी टाळायला सांगा, आणि भाड्यासोबत बुडालेल्या रोजाची भरपाई आहे का ते माहितीपत्रकात बघा. देता येते. फक्त रक्कम समितीने मंजूर केलेली असावी लागते.