मदत हवी आहे : सेकंड हँड ईव्हीची मोटर किती वर्षं टिकते?

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरात राहतो, कामाला सिन्नरच्या एमआयडीसीत. महिन्यातून एखाददा ठाणे, म्हणजे कसारा घाट आलाच. २०२० ची नेक्सॉन ईव्ही बघतोय, रनिंग ७२ हजार. बॅटरी-मोटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, त्यामुळे २०२८ पर्यंत तरी निभावेल. प्रश्न त्यापुढचा आहे.

एजंट म्हणतो, "साहेब, मोटरला काही होतच नाही." अर्धं खरं आहे. या मोटरला कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे झिजणारं असं मुख्यतः बेअरिंगच. पण वाइंडिंगचं (आतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन उष्णतेने हळूहळू कमजोर होतं, आणि ऑइल सील गेलं किंवा पाणी शिरलं तर वेगळीच डोकेदुखी. आमच्या प्लांटमधल्या मोटरींची बेअरिंगं आवाजावरून कळतात. गाडीत तो आवाज टायरच्या घरघरीतून ओळखायचा कसा?

इथे कोणाची ईव्ही लाखाच्या वर पळाली आहे का? बेअरिंग, इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा), रिडक्शन गिअरचं (मोटरचा वेग कमी करून चाकांना देणाऱ्या गिअरचं) ऑइल यातलं काय बदलावं लागलं आणि खर्च किती आला? बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट घेणारच आहे, तेव्हा त्यावर सांगू नका. दुसऱ्या मालकाच्या नावावर वॉरंटी करून घेतलेल्यांनी कागदपत्रं जरूर सांगावीत.

आणि हो, अंबड-सातपूरकडे मोटर उघडून बेअरिंग बदलणारा भरवशाचा माणूस असेल तर कळवा. सर्व्हिस सेंटरवाले थेट पूर्ण युनिटच बदला म्हणतात.