हिमोग्लोबिन चांगले असूनही आईची उदासी बी-१२च्या कमतरतेमुळे असेल का?

प्रश्न
माझी आई ६४ वर्षांची, जन्मापासून शाकाहारी असून गेली ११ वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत आहे. सहा महिन्यांपासून ती गप्प असते, भजनाला जाणे तिने सोडले आहे आणि तळपायांना मुंग्या येत असल्याने तिला रात्री झोप लागत नाही. तपासणीत बी-१२ केवळ १४० निघाले, हिमोग्लोबिन मात्र १२.६ आहे. डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिली आहेत; पण रक्त चांगले असताना इंजेक्शने कशाला, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरेत, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. उदासीचा या जीवनसत्त्वाशी खरोखर संबंध असतो का?

प्रतिसाद १
असतो, आणि कृपया केवळ फॉलिक ॲसिडवर थांबू नका. होमोसिस्टीन या अमिनो आम्लापासून मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच कृत्रिम रूप) आणि बी-१२ ही दोन्ही लागतात. या मेथिओनिनपासून बनणारे 'सॅम' हे संयुग मेंदूतील अनेक रासायनिक क्रियांना मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा अणुगट) पुरवते. बी-१२ अपुरे पडले की ही साखळी मंदावते आणि मज्जातंतूंवरील आवरणालाही इजा होऊ लागते. सेरोटोनिन व डोपामिन तयार होताना शेवटच्या पायरीवर बी-६ लागते, त्यामुळे 'बी' गटाचा मनःस्थितीशी असलेला संबंध एकाच जीवनसत्त्वापुरता नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्तातील दोष झाकला जातो, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. तुमच्या आईंच्या बाबतीत हिमोग्लोबिन चांगले आणि पायांना मुंग्या ही जोडी मला म्हणूनच अधिक काळजीची वाटते.

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंनाही असाच त्रास होता. इंजेक्शनांनंतर मुंग्या हळूहळू कमी झाल्या, पण मन सावरायला कित्येक महिने लागले आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचे वेगळे उपचारही घ्यावे लागले. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, कारण उदासी आणि थकवा त्यामुळेही येतो.

प्रतिसाद ३
दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे बी-१२चे शोषण घटते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्र ती गोळी आपणहून बंद करू नका. प्रौढांची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते, त्यामुळे दूध-दही चालू ठेवावेच, परंतु शोषणच कमी असताना तेवढ्यावर १४०ची पातळी भरून येणार नाही. ज्यांची पातळी मुळातच योग्य आहे त्यांनी मन प्रसन्न राहावे म्हणून बी-१२च्या गोळ्या घेण्याला फारसा आधार नाही. शिवाय बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच मज्जातंतूंना इजा होते. आईंना आता कोणत्या गोळ्या आणि किती मात्रेत चालू आहेत, ते येथे लिहाल का?