मदत हवी आहे: पूर्ण दिवसांच्या गर्भवतीच्या मानेवर क्रिकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या पुढची पातळ जागा, जिथून आणीबाणीत श्वासाची वाट काढतात) केवळ बोटांनी खात्रीने कसा शोधावा?

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात स्वतंत्रपणे काम करणारी भूलतज्ज्ञ आहे आणि शहरातील तसेच अक्कलकोट, मोहोळ या बाजूच्या लहान प्रसूतिगृहांत बोलावणे येईल तशी जाते. बहुतेक सीझर स्पायनलवर (पाठीत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करून) होतात, त्यामुळे मानेची तपासणी 'तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे करा' एवढ्यावरच मी आटोपत आले, हे आधीच कबूल करते.

गेल्या महिन्यात एका रात्री 96 किलो वजनाची, रक्तदाब वाढलेली, चेहऱ्यावर आणि गळ्यावर सूज असलेली रुग्ण आली. प्लेटलेट फारच कमी असल्यामुळे स्पायनल देता येत नव्हते. श्वासाची नळी बूजीवरून (आधी आत घालायची लवचीक सळई) पहिल्याच प्रयत्नात गेली आणि बाळ-बाळंतीण दोघेही सुखरूप आहेत. माझी शंका आहे ती त्याआधीच्या दोन मिनिटांविषयी. नळी गेली नाही आणि मास्कनेही श्वास देता आला नाही, तर गळ्यातूनच वाट काढावी लागेल, म्हणून भूल देण्यापूर्वी त्या जागेवर खूण करायला मी हात लावला, तेव्हा हनुवटीपासून छातीपर्यंत बोटांना एकच मऊ उतार लागत होता. मंगळसूत्र काढण्यास घरची मंडळी तयार नव्हती, म्हणून ते मागे सरकवून मी एका खोलगट जागी पेनने रेघ मारली. तिसऱ्या दिवशी, तिच्या संमतीने, तेथील रेडिओलॉजिस्ट सरांनी पुसट झालेल्या त्या खुणेवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. खूण जवळजवळ दोन बोटे वर, हायॉइड (जिभेखालचे हाड) आणि थायरॉइड कूर्चा (स्वरयंत्राची पुढची ढाल) यांच्यामधल्या फटीवर होती. वेळ आली असती, तर मी पाते स्वरयंत्राच्या वरच्या बाजूला, चुकीच्या जागी चालवले असते.

ही चूक माझ्या एकटीची नाही, हे वाचून माहीत आहे. प्रसववेदनांतील स्त्रियांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोटांनी शोधलेली जागा स्थूल नसलेल्यांत 71 टक्के, तर स्थूल स्त्रियांत केवळ 39 टक्के वेळा बरोबर निघाली होती. मुळात स्त्रियांमध्ये थायरॉइडच्या दोन पाती जास्त पसरट कोनात मिळतात, त्यामुळे पुरुषांसारखी घाटी हाताला लागत नाही. त्यात गरोदरपणाची सूज. पडद्याची उंची जेमतेम एक सेंटिमीटर असते आणि फुप्फुसांतील राखीव हवा घटलेली असल्याने या रुग्णांचा ऑक्सिजन पाहता पाहता उतरतो, म्हणजे शोधाशोध करायला वेळही नसतो.

'सोनोग्राफी वापरा' हे उत्तर मला पटते, परंतु अमलात आणता येत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे यंत्र नोंदलेल्या जागीच वापरायचे असते. मी ते बॅगेत घालून गावोगाव फिरू शकत नाही, आणि रात्री दोन वाजता सोनोग्राफीची खोली कुलूपबंद असते. म्हणून अनुभवी मंडळींना विचारते: जागा वरून खाली शोधावी की छातीच्या खाचेपासून वर? आणि गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून टेबल डावीकडे कलते केल्यावर मानेवरची खूण सरकते का? उन्हाळ्यात घामाने खूण पुसली जाते, तिचे आपण काय करता, हेही सांगावे.

प्रतिसाद:

मॅडम, मीही याच भागात पंचवीस वर्षे भूल देतो आहे. आपण हायॉइडला थायरॉइड समजलात. आखूड मानेत ही फसगत नेहमीची. मी दोन्ही दिशांनी जातो आणि दोन्ही बोटे एकाच जागी आली तरच खूण करतो. वरून जाताना डाव्या हाताचा अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत हायॉइड धरून किंचित इकडेतिकडे हलवावे, चिमूट थायरॉइडच्या दोन्ही बाजूंवरून खाली क्रिकॉइडपर्यंत (थायरॉइडखालची कूर्चेची कडी) आणावी आणि मोकळ्या तर्जनीने मधला मऊ खड्डा चाचपावा. खालून येताना श्वासनलिकेच्या कड्या मोजण्याच्या फंदात पडू नये, जाड मानेत त्या खोल जातात. वर येता येता जी पहिली रुंद, टणक कडी लागते ती क्रिकॉइड, आणि तिच्या लगेच वर पडदा. बायकांत बहुधा हीच कडी सर्वांत ठळक असते. रुग्णाला आवंढा गिळायला सांगावे म्हणजे स्वरयंत्र बोटाखालून वर सरकते. आपल्याकडे कन्नड बोलणाऱ्या बाईला 'नुंग्री' आणि तेलुगू बोलणारीला 'मिंगंडी' म्हटले की काम होते.

खांद्याखाली गुंडाळी ठेवून, मान पूर्ण मागे करून, म्हणजे ज्या स्थितीत पाते चालवावे लागेल त्याच स्थितीत खूण करावी. मान सरळ असताना केलेली खूण नंतर खड्ड्यावर राहत नाही. टेबल कलते करायचे असेल, तर ते करून पुन्हा बोट लावून पाहावे. खुणेसाठी साधे पेन नको, त्वचेवर लिहायचा मार्कर घ्यावा आणि आधी कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करावी. आणि जागा सापडलीच नाही, तर खोटी आडवी खूण न करता फक्त मध्यरेषा आखावी. अशा वेळी 8 ते 10 सेंटिमीटरचा उभा छेद घेऊन बोटांनी ऊती बाजूला सारत आतून पडदा शोधायचा असतो. 10 क्रमांकाचे पाते, बूजी आणि 6 क्रमांकाची कफची नळी एकाच ट्रेमध्ये ठेवावी, वेळेवर कपाट धुंडाळू नये. आणखी एक, क्रिकॉइड सापडले की (पोटातले घशात येऊ नये म्हणून) क्रिकॉइड दाबणाऱ्या सिस्टरचे बोटही तेथेच नेऊन ठेवावे. त्या बऱ्याचदा थायरॉइड दाबतात, आणि मग आपल्याला दिसायचे तेही दिसेनासे होते.

धागाकर्तीचे उत्तर:

सर, मनापासून आभार. मी मान सरळ असतानाच खूण केली होती, हे आपले वाचताना लक्षात आले. येत्या आठवड्यातील स्पायनलच्या प्रत्येक रुग्णाची मान, गरज नसली तरी, संमती घेऊन दोन्ही दिशांनी तपासणार आहे. एक शंका उरते: सुजेमुळे क्रिकॉइडही हाताला लागले नाही, तर मध्यरेषेसाठी आपण खालची खाच आणि हनुवटी एवढ्यावरच विसंबता का?