मदत हवी आहे: डोक्याला करंट देऊन स्कोअर वाढला, पण नक्की कशामुळे?

नमस्कार मंडळी, विषय जरा विचित्र आहे, हसू नका. नोकरी सांभाळून परीक्षा देतोय, डोकं चालेना म्हणून टीडीसीएसचं, म्हणजे डोक्यावरून मेंदूला हलका करंट द्यायचं यंत्र घेतलं. म्हणजे काय तर नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, टोकाला मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज, ते पट्ट्याने डोक्याला बांधायचे. २ मिलीअँपिअर, २० मिनिटं. एनोड (प्लसचं टोक) डावीकडे कपाळाच्या वर, ईईजीवाले म्हणजे मेंदूचा आलेख काढणारे ज्याला एफ-३ म्हणतात तिथे, आणि कॅथोड (मायनसचं टोक) उजव्या भुवईवर. करंट चालू असतानाच एन-बॅक हा स्मरणशक्तीचा खेळ खेळतो, समोरचं अक्षर दोन (टू-बॅक) किंवा तीन (थ्री-बॅक) घरं मागे होतं तेच आहे का ते ओळखायचं.

आठ सेशन झाली. आधी टू-बॅकवरच अडकलो होतो, आता थ्री-बॅक जमतंय. दोन दिवस हवेत होतो, मग डोक्यात किडा वळवळला की रोज २० मिनिटं तोच खेळ खेळल्यावर कोणीही सुधारणारच ना, करंट असो वा नसो?

वाचायला बसलो तर गोंधळ अजून वाढला. २००० मध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी १ मिलीअँपिअरने मेंदूच्या हालचालीच्या भागाची उत्तेजितता वरखाली करून दाखवली तिथून हे सगळं पेटलं. २००५ च्या एका प्रयोगात माझ्यासारखंच डाव्या कपाळावर १० मिनिटं देऊन एन-बॅक सुधारला, पण माणसं फक्त १५. मग २०१५ मध्ये हॉर्वाथ आणि मंडळींनी बरेच प्रयोग एकत्र करून सांगितलं की एका सेशनचा खात्रीलायक परिणाम दिसत नाही, त्यावर लोक त्यांच्याच पद्धतीवर तुटून पडले. आणि सगळ्यात घाबरवणारं म्हणजे २०१३ चा एक प्रयोग, त्यात डोक्याच्या मागच्या बाजूला करंट दिलेले लोक नवीन आकडे-चिन्हं पटकन शिकले पण ती आपोआप वापरायला अडखळले, आणि कपाळाच्या भागात दिलेल्यांचं नेमकं उलटं, शिकणंच मंदावलं. माझे स्पंज कुठे आहेत बघा!

तर प्रश्न असा की घरच्या घरी स्वतःला न फसवता हे तपासायचं कसं? आणि चालू करताना डोळ्यापुढे लख्खकन चमकतं, कपाळावर लाल चट्टा उठतो, हे नॉर्मल आहे का?

प्रतिसाद १
चमकतं ते डोळ्यातल्या पडद्याला करंट लागतो म्हणून, बुद्धी वगैरे उजळत नाहीये :) करंट एकदम चालू-बंद करू नका, हळूहळू चढवा आणि उतरवा. लालसरपणा थोड्या वेळात गेला तर ठीक, पण स्पंज सुकला किंवा एका कोपऱ्यावरच टेकला तर चामडी भाजते, हे खरंच झालेलं आहे लोकांना.

तपासायचं तर प्रयोगशाळेत खोटं सेशन करतात, पहिली ३० सेकंद करंट देऊन गुपचूप बंद, चुणचुण सुरुवातीलाच जास्त जाणवते म्हणून माणसाला पटकन कळत नाही. घरातल्या कोणालातरी नाणं उडवून खरं-खोटं ठरवू द्या आणि तुम्ही दर वेळी अंदाज लिहून ठेवा. २ मिलीअँपिअरला बऱ्याच जणांना ओळखू येतं, तसं झालं तर सगळी मेहनत पाण्यात. आणि एन-बॅकवर मोजू नका हो, त्याची सवय झालीये तुम्हाला. अभ्यासातलं काहीतरी पाठ करा आणि दुसऱ्या दिवशी किती आठवतं ते मोजा.

पण त्याआधी एक सांगा, फिट्स, डोक्यात कुठे धातू, किंवा कसली औषधं चालू आहेत का?

धागाकर्ता
फिट्स नाहीत, धातू नाही. एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी चालू आहे सहा महिने. का?

प्रतिसाद १
मग थांबा. २००९ मध्ये नित्शेच्याच गटाने सिटालोप्रामचा एकच डोस देऊन पाहिलं, एनोडचा परिणाम वाढला आणि लांबला, आणि कॅथोड जो एरवी उत्तेजितता कमी करतो तो उलटा वाढवायला लागला. तुमची गोळी त्याच्या सख्ख्या भावासारखी. म्हणजे कागदावर वाचलेला डोस तुमच्या डोक्यात तोच राहील असं नाही. औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं सेशन नको.

धागाकर्ता
बाप रे, हे ध्यानीमनी नव्हतं, गोळीच्या पाकिटावरही कोण लिहिणार म्हणा. बॅटरी काढून ठेवली. बायको नाणं उडवायला एका पायावर तयार होती, तिलाही थांबवलं. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. तोपर्यंत बिनकरंटचाच एन-बॅक खेळतो, थ्री-बॅक तसाच जमत राहिला तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल, स्कोअर इथे टाकतो.