दुखतं एकीकडे, कारण भलतीकडे: स्क्रीनसमोरच्या बैठ्या कामाचे तुमचे अनुभव सांगा

अठरा वर्षं स्क्रीनसमोर बसून काम करतोय. मागच्या वर्षी मान धरली ती सुटेचना. उशी बदलली, खुर्ची बदलली, शेकून झालं, मलमं झाली. शेवटी फिजिओथेरपिस्टने काम करतानाचा बाजूने काढलेला फोटो मागितला. फोटोत मी हनुवटी वर करून बसलेलो, दाढी करून घेणाऱ्यासारखा! दोष चष्म्याचा निघाला. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह काच (लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणारी) घेतली होती. तिच्यातला जवळचं दिसणारा भाग खाली असतो, त्यातून समोरची स्क्रीन वाचायची तर मान मागे टाकावी लागते. आता कामापुरता वेगळा चष्मा केलाय. दीड महिन्यात मान सुटली. तुमचं काय? जे जमलं नाही तेही लिहा.

*

माझी करंगळी. ती आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर व्हायची. सगळे म्हणाले, माउसने मनगट गेलं. महिनाभर पट्टा बांधून फिरलो. डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या! मनगटात नस दबली तर मुंग्या अंगठ्याला आणि त्याच्या बाजूच्या बोटांना येतात, करंगळीची नस कोपरामागून जाते. आणि मी दिवसभर टेबलाच्या कडेवर कोपर रोवून, गाल हातावर टेकवून बसणारा. सवय मोडली. रात्री हात दुमडू नये म्हणून कोपराला टॉवेल गुंडाळून झोपायचो. तीन महिने लागले.

*

डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून 'डोळे कोरडे पडलेत' हे मला पटतच नव्हतं. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळा सुकून चुरचुरतो आणि मग त्यावर पाणी सुटतं. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं, असा नियम सांगितला. गजर लावला. चौथ्या दिवसापासून मी तो न बघताच बंद करायला लागले. त्यापेक्षा एसीचा झोत तोंडावर येणारी जागा बदलली, त्याने जास्त फरक पडला. आणि फोन आला की उठून खिडकीशी जाते.

*

उभं राहून काम करायचं टेबल हौसेने घेतलं. दोन महिन्यांत टाचा बोलायला लागल्या. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, नुसता खांबासारखा उभा राहिलात तर त्यांना काम कुठे? सध्या त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे असतात.

*

रोज तासभर पळते, मग दहा तास बसले तर काय बिघडलं, असा माज होता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ टक्के आला आणि माज उतरला. (५.७ पासून पुढे मधुमेहाचा उंबरठा धरतात.) जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतेच, पण बसणंही कमी करा म्हणते. हे दुसरं मी कधी वाचलंच नव्हतं. एकच बदल टिकला: टेबलावरची लिटरची बाटली काढून छोटा पेला ठेवला. तहान लागली की उठावंच लागतं. मग पाणी प्यायल्यामुळे पुन्हा उठावं लागतं, ते वेगळंच.

*

उठतो कुठला! ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा, जागेवर असल्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला रे झाला की साहेबांचा मेसेज, "आहेस का?" आता कानात हेडफोन घालून मीटिंगभर खोलीत येरझाऱ्या घालतो. कॅमेरा लावायला सांगितला की पुन्हा खुर्ची.

*

पहिल्या अनुभवाबद्दल विचारायचंय. मलाही तोच चष्मा, तीच मान. कामाचा चष्मा करताना डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचं अंतर कोणी मोजलं?

*

घरीच, टेपने. माझं ६२ सेंटिमीटर भरलं. मात्र दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा, तेही तुम्ही कामात गुंग असताना. स्वतः मोजायला गेलं की माणूस ताठ बसतो.