भिजलेल्या चिऱ्याचा आणि तरव्याचा रंग जलरंगात कसा आणायचा?

गडग्याकाठी:
नमस्कार मंडळी, जलरंग शिकायला घेऊन दीड वर्ष झालं, आता पुण्यात असते पण जुलैत लावणीसाठी गावी गेले होते, रत्नागिरी तालुक्यात. आमच्या घरापुढे जांभ्याच्या चिऱ्यांचा, म्हणजे कापलेल्या लाल दगडांचा, जुना गडगा (कुंपणाची भिंत) आहे, त्याच्या पलीकडे तरव्याचा, म्हणजे लावणीच्या भातरोपांचा, एक तुकडा आणि मागे आंब्याची दोन कलमं. पाऊस थांबला की तिथेच पडवीत बसून रंगवायचे, आठ दिवसांत अकरा कागद झाले आणि एकातही तो रंग आला नाही. तरवा, आंब्याची पानं आणि गडग्यावरचं शेवाळ हे तिन्ही हिरवे डोळ्याला एवढे वेगळे दिसतात की लहान मूलही सांगेल, पण माझ्या कागदावर तिन्ही एकाच घरातले वाटतात. सॅप ग्रीन घेते, फिका हवा तर पांढरा घालते, गडद हवा तर काळा. चिऱ्याचं तर त्याहून वाईट, भिजलेला चिरा रंगवायला गेले की एकतर वीट होते नाहीतर चिखल. बारा ट्यूबांचा साधा विद्यार्थ्यांचा सेट आहे. कुठे चुकतंय? फार मनापासून विचारतेय, तो गडगा पुढच्या वर्षी पाडून तिथे काँक्रीटची भिंत घालायची असं घरात ठरलंय.

खडूफळा:
ताई, मी शाळेत चित्रकला शिकवतो, २२ वर्षं झाली. आधी तो पांढरा आणि काळा सेटमधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवा, पारदर्शक जलरंगात फिकेपणा पाण्याने आणायचा, पांढऱ्याने रंग खडूसारखा होतो आणि काळ्याने मरतो. दुसरं म्हणजे सॅप ग्रीन हा बहुतेक कंपन्यांचा आधीच मिसळलेला रंग असतो, त्यात तुम्ही अजून दोन रंग घातले की चार-पाच रंगद्रव्यं एका ठिकाणी भांडतात आणि मळकट होतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पीबी २९, पीबी १५ असा रंगद्रव्याचा कोड छापलाय का बघा, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन आणि पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू. एकच कोड असेल ती ट्यूब मिसळायला चांगली.

आता तुमचे तीन हिरवे. तरवा पिवळ्याकडे झुकतो, त्यात लाल अजिबात नसतो, म्हणून लेमन येलो आणि थॅलो ब्लू. आधी पिवळा कालवून घ्या आणि निळा ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच, थॅलो फार जबरदस्त रंग आहे, एक थेंब जास्त झाला की पुन्हा पिवळा ओतत बसावं लागतं. अल्ट्रामरीन इथे चालणार नाही, कारण तो निळा मुळात जांभळ्याकडे झुकलेला, म्हणजे त्यात लाल लपलेला आहे, आणि हिरव्यात लाल आला की चमक गेली. पण शेवाळाला नेमकं तेच हवं असतं! अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज (उबदार पिवळा) घ्या, ऑलिव्हसारखा दबका हिरवा येतो. आंब्याच्या जुन्या पानाला व्हिरिडियनमध्ये (निळसर हिरवा) बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला, काळा न घालता हवा तेवढा गडद होतो आणि आतून जिवंत राहतो.

मी पोरांना पहिल्या तासाला बाहेर नेतो आणि पिंपळ, कडुलिंब, गवत यातला सगळ्यात पिवळा हिरवा कोणता आणि सगळ्यात निळा कोणता एवढंच विचारतो, रंग नंतर. शेजारच्या हिरव्याच्या मानाने हा कुठे झुकलाय ते कळलं की ट्यूब आपोआप हाताला येते.

पारवा:
सरांशी सहमत. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात रंगांची नावंच मुळी आजूबाजूच्या वस्तूंवरून आहेत, अबोली, आमसुली, अंजिरी, मोरपंखी, श्रीखंडी. मी वहीत तीच नावं लिहिते आणि शेजारी मिश्रणाचा ठिपका, कुठल्या दोन ट्यूबा तेही. आमसुलाचा रंग मला बर्न्ट सिएना, क्रिमसन आणि थोडा अल्ट्रामरीन यातून मिळाला, आमसूल प्रत्यक्ष कागदाशेजारी ठेवूनच. एक जुनं पोस्टकार्ड घ्या, मधे पंचने भोक पाडा आणि त्यातून बघा, आजूबाजूचं सगळं झाकलं की खरा रंग दिसतो. मोबाईलच्या फोटोवरून मात्र करू नका, कॅमेरा हिरवा फार भडक करून दाखवतो.

मालवणी चिरेखाण:
चिऱ्याचं मी सांगतो, आमचं घरच खाणीच्या वाटेवर. खाणीतून नुकता काढलेला चिरा नारिंगी-पिवळा दिसतो, चार पावसाळे खाल्ले की काळवंडतो, त्यामुळे "चिऱ्याचा रंग" असा एक नाहीच, तुमचा गडगा जुना आहे म्हणजे तो बराच काळाच असणार. आणि भिजल्यावर गडद का होतो, तर जांभा सगळा भोकाभोकांचा असतो, त्या भोकांत पाणी भरलं की उजेड बाहेर फेकला जाण्याऐवजी आतच मुरतो. पण एक गोष्ट सगळे विसरतात. चिऱ्याच्या वरच्या कडेवर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात आभाळ दिसतं, म्हणजे बाजू गडद तांबडी आणि वरची कड फिकी निळसर राखाडी. ती कड नसेल तर वीटच वाटणार.

मी असं करतो: पहिला हात येलो ओकर आणि बर्न्ट सिएनाचा, पातळ, वरची कड सोडून. पूर्ण सुकू द्यायचं, पावसाळ्यात वेळ लागतो, पंख्याखाली धरा. मग बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून त्याचा दुसरा हात, सिएना जास्त असेल तर तपकिरी, निळा वाढवला की जवळजवळ काळा. हा हात सलग नाही द्यायचा, अर्धवट कोरड्या ब्रशने, मधे खालचा तांबूस डोकावला पाहिजे, तीच भोकं.

आणि गडगा पाडणार असाल तर त्यातला एक तुकडा ठेवा. खलबत्त्यात कुटून पाण्यात ढवळायचा, जाड रेव खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते सुकलं की जी बारीक माती उरते ती डिंकाच्या पाण्यात आणि थेंबभर मधात घोटायची. झाला रंग. आमच्याकडे आणि गोव्यात जुन्या देवळांवर जी कावी चित्रं आहेत ती याच लाल मातीची, काव म्हणजे तीच, चुन्याच्या गिलाव्यावर थर देऊन मग तो कोरून खालचा पांढरा बाहेर काढायचे. ऊनपावसात इतकी वर्षं टिकलेला रंग आहे तो.

गडग्याकाठी:
सर, पारवाताई, दादा, खूप खूप आभार. काल रात्री तीन तास बसले. तरवा आला! लेमन येलोत थॅलो अगदी नखभर, कागदावर पडल्यावर आईने लांबून ओळखला, "कोपऱ्यातला दाढ ना हा" म्हणाली (आमच्याकडे तरव्यालाच दाढ म्हणतात). शेवाळ अजून थोडं पिवळं पडतंय. चिऱ्याच्या वरच्या कडेबद्दल वाचून जुने अकराही कागद काढून बघितले, एकातही ती कड सोडलेली नाही, सगळे चिरे वरपासून खालपर्यंत एकसारखे लाल. दादा, भावाला फोन करून सांगितलंय की पाडताना फाटकाजवळचे दोन चिरे माझ्यासाठी बाजूला काढ. डिंक बाभळीचाच लागतो की खायचा चालेल?

मालवणी चिरेखाण:
बाभळीचाच घ्या, स्वच्छ खडे निवडून. रात्रभर पाण्यात भिजवा आणि फडक्याने गाळून घ्या, नाहीतर घोटताना कचरा लागतो.