मांडी घालताना गुडघे वरच राहतात: अडचण हाडांची की स्नायूंची?

अंबाझरीकर: नागपुरात अंबाझरीच्या बाजूला सकाळी योगवर्गाला जातो, वय ३८. मांडी घातली की माझे दोन्ही गुडघे जमिनीपासून बरेच वर राहतात, कंबर मागे कलते आणि पाठीला बाक येतो. गुडघे रोज हातांनी दाबावेत, असे शिक्षक सांगतात. सरावाने हे सुटेल, की हाडांची ठेवणच आड येते?

भौतिकोपचारक, धंतोली: गुडघे कृपया दाबू नका. मांडी घालताना मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत वर उचलले जाते, बाजूला फाकते आणि स्वतःभोवती बाहेरच्या दिशेने फिरते. हे फिरणे गुडघ्याला फारसे जमत नाही, त्यामुळे खुब्यात अडलेले वळण जोर लावून मिळवू पाहिल्यास ताण गुडघ्यावर येतो. मांडीच्या हाडाची मान, म्हणजे वरच्या गोल डोक्याखालचा अरुंद भाग, मुळात थोडी पुढे वळलेली असते. प्रौढांत हा कोन साधारण १५ अंशांच्या आसपास असला तरी माणसागणिक तो बराच बदलतो, आणि ज्यांचा जास्त असतो त्यांचा पाय आत सहज वळतो, बाहेर कमी. पालथे झोपून गुडघा काटकोनात वाकवा. या स्थितीत नडगी बाहेर कलते तेव्हा मांडीचे हाड खुब्यात आत वळते, आणि ती दुसऱ्या पायाकडे येते तेव्हा बाहेर. नडगी बाहेरच्या बाजूला भरपूर कलली आणि दुसऱ्या पायाकडे थोडीच आली, तर ठेवण हेच कारण असण्याची शक्यता अधिक.

योगशिक्षिका: सगळा भार हाडांवर टाकणे मला पटत नाही. खुर्चीची सवय झालेल्यांचे नितंबांतील आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू आखडलेले असतात, आणि ते हळूहळू सैल होतात. तोवर बैठकीच्या हाडांखाली चार बोटे उंचीची सतरंजीची घडी घ्यावी. कटीचा वरचा भाग पुढे कलतो, पाठ आपोआप सरळ होते.

अंबाझरीकर: घडीने पाठ सरळ राहिली, आभारी आहे. पालथे झोपून पाहिले, तेव्हा मात्र डाव्या बाजूला नडगी बाहेर कलताना जांघेत दुखले.

भौतिकोपचारक, धंतोली: मग प्रश्न लवचीकपणाचा राहत नाही. जांघेतील वेदना बहुधा खुब्याच्या सांध्यातूनच येते, आणि सांधा बिघडू लागला की आत वळणे अनेकदा सर्वांत आधी अडते. घरात कुणाला सिकलसेल (रक्तातील लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. विदर्भात हा आजार बराच आढळतो आणि त्यात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते झिजू शकते. सुरुवातीच्या काळात साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र बदल लवकर कळतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवेपर्यंत मांडीचा आग्रह सोडून वर्गात खुर्चीवर बसावे.